ऑइल गळणारी जुनी गाडी घेऊन गोव्याहून पुण्याला: निघण्याआधी काय काय करायचं

गाडी पंधरा वर्षांच्या आसपासची, रोज सकाळी इंजिनखाली दोन-चार काळे थेंब, आणि पुढच्या महिन्यात घरच्या सगळ्यांना घेऊन पुण्याला जायचंय. गोव्यात अशी गाडी बाळगणारी माणसं पुष्कळ आहेत. आपली रोजची धाव छोटी असते: डिचोली ते पणजी, फोंडा ते मडगाव, म्हापसा ते पर्वरी. तेवढ्यात गळती खपून जाते. इंजिन पुरतं तापतं न तापतं तोच घर येतं. पण घाट चढून, बेळगाव मागे टाकून हायवेला तासन्‌तास गाडी पळवायची म्हटली की तीच गळती वेगळी वागते. ऑइल तापून पातळ होतं, इंजिनाचे फेरे वाढतात, ऑइलचा दाब वाढतो, आणि अंगणात दोन थेंब टाकणारं सील (सांध्यातून ऑइल बाहेर येऊ न देणारी रबरी रिंग) वाटेत बराच मोठा घोट सोडतं.

मी माझ्या जुन्या पेट्रोल गाडीसाठी ही सगळी तयारी करत आलोय. पहिल्यांदाच जाणाऱ्याचा सगळ्यात जास्त गोंधळ एकाच ठिकाणी होतो. एक मेकॅनिक म्हणतो, ‘जुनी गाडी म्हणजे गळणारच, बिनधास्त जा,’ दुसरा म्हणतो, ‘इंजिन उतरवावं लागेल.’ दोघांचं ऐकण्याआधी तुमच्या हातात दोन गोष्टी हव्यात: ऑइल नक्की कुठून जातंय, आणि शंभर किलोमीटरला किती जातंय. या दोन गोष्टी कळल्या की जायचं, दुरुस्त करून जायचं की गाडी घरी ठेवून कदंबाची सरकारी बस पकडायची, ते तुमचं तुम्हालाच ठरवता येतं.

निघायच्या तारखेच्या किमान तीन आठवडे आधी सुरुवात करा. त्यात चतुर्थी येत असेल तर आणखी आधी. चतुर्थीच्या दिवसांत गोव्यातली गॅरेजं आणि स्पेअर पार्टची दुकानं बरेच दिवस बंद असतात, आणि त्याआधीच्या आठवड्यात प्रत्येकालाच गाडी तयार हवी असते. एरवीसुद्धा दुपारी एकनंतर दोन-तीन तास दुकानं बंद आणि रविवारी सगळंच बंद, हे धरून चाला.

१. गळतंय ते नक्की काय, ते आधी ओळखा

रात्री गाडी सपाट जागी उभी करा आणि इंजिनखाली मोठा पुठ्ठा पसरा. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा उत्तम. पुढची दोन्ही चाकं कुठे होती त्याच्या खुणा पुठ्ठ्यावर पेनने करून ठेवा, म्हणजे सकाळी डाग इंजिनच्या कुठल्या बाजूला पडलाय ते कळतं.

तपकिरी किंवा काळा, बोटांत धरला की बुळबुळीत, तो इंजिन ऑइलचा डाग. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास येणारा बहुधा गिअर ऑइलचा. लालसर असेल तर पॉवर स्टिअरिंगचं ऑइल किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. हिरवा किंवा गुलाबी, पाण्यासारखा आणि गोडसर वासाचा असेल तर ते कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं. आपल्याकडच्या दमट हवेत ते भरपूर पडतं, त्याची काळजी नको.

एका डागाला मात्र माफी नाही. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या पेडलजवळ पातळ, पिवळसर, तेलकट ओल दिसली तर तो ब्रेक ऑइलचा डाग आहे. त्या गाडीने लांब तर सोडाच, बाजारातही जाऊ नका. मेकॅनिकलाच घरी बोलवा.

ऑइल टाकायचं झाकणही उघडून बघा. आतून दुधाळ कॉफीसारखा थर दिसला तर पाणी आणि ऑइल एकत्र होत असण्याची शक्यता असते, म्हणजे हेड गॅस्केटचं (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधल्या पॅकिंगचं) काम. पावसाळ्यात नुसत्या छोट्या धावा करणाऱ्या गाडीच्या झाकणाला दमटपणामुळेही थोडा तसा थर धरतो. म्हणून ऑइलची पातळी बघायची पट्टीही काढा आणि कुलंटची टाकी बघा. पट्टीवरचं ऑइलही दुधाळ असेल, किंवा कुलंट वारंवार कमी होत असेल, तर ही सहल या गाडीने नाही.

२. इंजिन धुऊन कोरडं करा

हे न करता कुणी तुम्हाला ‘अमुक सील गेलंय’ असं सांगत असेल तर तो अंदाज आहे. आपल्याकडची लाल धूळ, त्यातही डिचोली-सत्तरीच्या बाजूची, ऑइलवर बसते आणि तिचा जाड गिलावा होतो. त्याखाली गळती पाच वर्षांची आहे की पाच दिवसांची, काही कळत नाही.

इंजिन पूर्ण गार असताना काम करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर किंवा कॉइल, फ्यूजचा डबा आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून टाका. बाजारात इंजिन साफ करायचं डीग्रीझर मिळतं. ते फवारून दहा मिनिटं ठेवा, ब्रशने घासा, हलक्या धारेने धुवा. पुष्कळ जण डिझेल किंवा रॉकेलने धुतात. स्वस्त पडतं, पण त्याचा अंश सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर (इंजिनमधला गरम धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या पाइपांवर) राहिला तर तापल्यावर पेट घेऊ शकतो, म्हणून मी ते टाळतो. वॉशिंग सेंटरमध्ये गाडी नेलीत तर जोराची धार बोनेटच्या आत मारू देऊ नका. वायरींच्या जोडांत पाणी शिरलं की ऑइलचा शोध राहतो बाजूला आणि गाडी चालूच होत नाही.

उन्हात पूर्ण वाळू द्या. मग वीस-तीस किलोमीटर चालवून या, बोनेट उघडा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. ऑइल नेहमी खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून सगळ्यात जास्त ओली जागा दिसली की तिथे थांबू नका. सगळ्यात वरची आणि पुढची ओली जागा शोधा. उगम तिथे असतो. शंका असेल तिथे स्वच्छ पुसून अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरवा आणि पुन्हा थोडं फिरून या. पावडरीत ओलाव्याची रेघ स्पष्ट उमटते.

३. उगम कुठे, त्यावर सगळं अवलंबून

टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग हा जुन्या गाड्यांतला नेहमीचा गुन्हेगार. उष्णतेने रबर कडक होतं, त्याचा चिवटपणा जातो आणि कडेने ऑइल पाझरतं. छोट्या गाड्यांत हे काही शे रुपयांचं आणि तासा-दीड तासाचं काम आहे. पण ते क्षुल्लक समजू नका, कारण त्याच्या अगदी खाली बहुतेक गाड्यांत मॅनिफोल्ड असतो. ऑइल त्यावर पडलं की जळका वास येतो, धूर येतो, आणि लांब चढावर आग लागू शकते. मॅनिफोल्डवर पडणारी गळती किती थोडी आहे याला अर्थ नाही. ती बंद करूनच निघायचं. बोल्ट नुसते जास्त आवळून ती थांबवायचा प्रयत्न करू नका, कव्हर वाकतं आणि नवं पॅकिंगही मग बसत नाही.

ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्ट या दोन्ही जागा शेवटच्या सर्व्हिसिंगशी जोडलेल्या आहेत. गळती सर्व्हिसिंगनंतर सुरू झाली असेल तर आधी इथेच बघा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहते आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला जातो, हे पुष्कळदा घडतं. ड्रेन बोल्टचं वायसर प्रत्येक वेळी नवं टाकायला हवं. बोल्टचे आटे गेले असतील तर त्यावर टेफ्लॉनची टेप गुंडाळून भागवू नका, आटे नव्याने पाडून घ्या.

ऑइल प्रेशरचा स्विच हा अंगठ्याएवढा भाग आहे. तो आतून फाटला की पूर्ण दाबाने ऑइल बाहेर येतं आणि थोड्या वेळात इंजिन रिकामं होऊ शकतं. त्याच्या वायरीच्या टोकाशी ओल दिसली तर चर्चा न करता बदला. तो स्वस्त असतो.

चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी हे नीट बघावं. खारी हवा पत्र्याच्या चेंबरला बाहेरून खाते, पापुद्रे सुटतात आणि एके दिवशी सुईच्या टोकाएवढं छिद्र पडतं. गंजलेल्या जागी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून बघा. पत्रा नरम लागला तर चेंबर बदला. गतिरोधकावर किंवा जांभ्या दगडावर आपटून पोचा आलेला असेल तर तोही मेकॅनिकला दाखवा.

क्रँक म्हणजे इंजिनच्या आत फिरणारा मुख्य दांडा. त्याचं पुढचं सील पट्ट्याच्या पुलीमागे असतं. तिथून गळणारं ऑइल टायमिंग बेल्टवर गेलं तर बेल्टचं रबर खराब होतं आणि बेल्ट तुटला की पुष्कळ इंजिनांत वाल्व वाकतात. बेल्ट बदलायची वेळ जवळ आली असेल तर सील आणि बेल्ट एकत्रच करा, मजुरी एकदाच पडते.

क्रँकचं मागचं सील हे सगळ्यात महागडं दुखणं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्यातून ऑइल ठिबकतं. सील स्वतः स्वस्त, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ऑइल क्लच प्लेटवर गेलं की घाटात क्लच घसरतो: इंजिन ओरडतं, गाडी चढत नाही. क्लच प्लेट जुनी असेल तर त्याच वेळी तीही बदलून घ्या. एक खबरदारी घ्या. वरच्या टॅपेट कव्हरमधून ओघळलेलं ऑइल मागच्या बाजूने उतरून नेमकं याच सांध्यातून ठिबकतं आणि सगळे ‘मागचं सील गेलं’ म्हणतात. गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी वरची गळती बंद करा, धुवा आणि पुन्हा बघा.

यातलं काहीही बदलण्याआधी मेकॅनिकला ब्रीदरचा पाइप आणि पीसीव्ही वाल्व तपासायला सांगा. इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर पडायची ती वाट आहे. ती काजळीने बुजली की आतला दाब वाढतो आणि ऑइल प्रत्येक सांध्यातून बाहेर ढकललं जातं. अशा वेळी एक सील बदललं की महिन्याभरात दुसरं गळायला लागतं. सफाईला फार खर्च येत नाही, तरी ही गोष्ट कुणी आपणहून बघत नाही.

४. शंभर किलोमीटरला किती जातं ते मोजा

मला विचाराल तर या लेखातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

सकाळी, इंजिन गार असताना, अगदी सपाट जागी पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला आणि वाचा. ऑइल वरच्या खुणेपर्यंत आणा. जागा लक्षात ठेवा, कारण परत आल्यावर त्याच जागी, गाडीचं तोंड त्याच दिशेला ठेवून मोजायचंय. आपल्याकडच्या अंगणांना पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो. तो डोळ्याला दिसत नाही, पट्टीवर मात्र फरक पडतो.

मग शंभर-दीडशे किलोमीटर चालवा, आणि त्यात एक खरा घाट घ्या. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढून परत या, किंवा मोलेहून अनमोड घाट. पणजी-मडगाव मार्गावर फेऱ्या मारून ही चाचणी होत नाही. घाटात गाडी मागे कललेली असते, ऑइल मागच्या बाजूला साचतं, इंजिन तापतं. जे गळायचं ते तिथेच गळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी पुन्हा वाचा. आता औषधाच्या मापाने किंवा खुणा असलेल्या बाटलीने थोडं थोडं ऑइल घाला, प्रत्येक वेळी काही मिनिटं थांबून पट्टी बघा आणि वरच्या खुणेपर्यंत यायला किती मिलिलिटर लागलं ते लिहा. १५० किलोमीटरला ६० मिलि लागलं तर शंभरला ४० मिलि.

माझा ठोकताळा असा आहे:

शंभर किलोमीटरला ५० मिलिपेक्षा कमी, आणि गळती मॅनिफोल्ड, बेल्ट, क्लच किंवा ब्रेकवर नाही: जाऊ शकता. बरोबर ऑइल ठेवा आणि ठरलेल्या ठिकाणी पट्टी बघा.

५० ते १०० मिलि: आधी दुरुस्ती, मग पुन्हा मोजणी. आकडा खाली आला तरच जा.

१०० मिलिच्या वर: या गाडीने लांब जाऊ नका.

हिशेब करणारे म्हणतील, पणजीहून चोर्लामार्गे पुणे साडेचारशेच्या आसपास किलोमीटर. शंभरला १०० मिलि गेलं तरी जेमतेम अर्धा लिटर, आणि पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये बहुतेक छोट्या गाड्यांत पाऊण ते एक लिटर असतं. मग अडलं कुठे? गळती एकसारखी राहत नाही, तिथे अडतं. सील एकदा सुटायला लागलं की हायवेच्या वेगाला ते भराभर सुटतं. शिवाय छोट्या इंजिनांत एकूण ऑइलच तीन-साडेतीन लिटर असतं. त्यातलं एक लिटर कमी झालं तर उरलेलं जास्त तापतं, आणि घाटाच्या वळणावर ते एका बाजूला सरकून पंपाच्या तोंडात हवा जाऊ शकते.

खाली थेंब फारसे नाहीत पण पट्टी मात्र उतरते, असं दिसलं तर ऑइल आत जळतंय. सकाळी गाडी चालू करताना किंवा उतारावर पाय सोडून पुन्हा दाबल्यावर निळसर धूर येतो का ते मागच्या गाडीतल्या माणसाला बघायला सांगा. ते दुखणं पिस्टनच्या रिंगांचं किंवा वाल्व सीलचं, पॅकिंग बदलून बरं होणारं नाही.

५. दुरुस्ती करून घेताना

मेकॅनिककडे जाताना मोजणीचा कागद, पुठ्ठा आणि फोनवर काढलेले फोटो घेऊन जा. ‘ऑइल गळतंय, बघा जरा’ असं म्हणू नका. ‘टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून येतंय, शंभरला साठ मिलि जातं’ असं सांगा. काम ठरल्यावर सुटा भाग कंपनीचा की बाजारातला, ते विचारा. रबरी सील आणि पॅकिंगच्या बाबतीत मी नेहमी अस्सलच घेतो. काढलेला जुना भाग मागून घ्या आणि हातात धरून बघा: कडक झालेलं, तडकलेलं रबर लगेच ओळखू येतं.

लाल किंवा करडं सिलिकॉन पॅकिंगवर थापून देणाऱ्यांपासून सांभाळा. काही सांध्यांना ते लागतंच, पण पातळ रेघेत, आणि पूर्ण वाळायला साधारण एक दिवस द्यावा लागतो. भरमसाट थापलं की आतल्या बाजूने तुकडे सुटतात, चेंबरमधल्या जाळीत जाऊन अडकतात आणि पंपाला ऑइल मिळेनासं होतं. गळती थांबते आणि इंजिन जातं.

गळती थांबवणारी औषधं बाटलीत मिळतात. ती रबर फुगवून काम करतात. थोडं पाझरणाऱ्या सीलला काही काळ गुण येतोही, पण लांब प्रवासाच्या तोंडावर हा प्रयोग नको.

जाड ऑइलचा सल्ला हमखास मिळेल. गाडीच्या पुस्तिकेत सहसा हवामानाप्रमाणे दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतात. त्यांतलीच जाड ग्रेड गोव्याच्या हवेत घ्यायला हरकत नाही. पुस्तिकेबाहेरचं जाड ऑइल घातलं तर गार इंजिनात ते वर पोचायला वेळ लागतो. ‘गळतंय ना, मग थोडं जास्तच भरू’ हेही करू नका. वरच्या खुणेच्या वर गेलेल्या ऑइलला क्रँक घुसळते, फेस होतो आणि सीलवरचा भार वाढतो.

दुरुस्तीनंतर घाटाची तीच चाचणी आणि तीच मोजणी पुन्हा करा. दुरुस्ती आणि निघणं यांत किमान एक आठवडा ठेवा.

६. बाकीची गाडी

ऑइल कमी असण्याची शक्यता असलेल्या इंजिनला थंड ठेवणं दुप्पट महत्त्वाचं. रेडिएटरचे होज पाइप दाबून बघा. फुगलेले, चिकट किंवा कडक झालेले असतील तर बदला. ऑइल लागून मऊ पडलेल्या पाइपांचा तर अजिबात भरवसा धरू नका. रेडिएटरचा पंखा आपोआप चालू होतो का, ते गाडी उभी ठेवून तापवून पाहा. अल्टरनेटरच्या पट्ट्यावर ऑइल उडालं असेल तर पट्टा नवा टाका.

पुढचे ब्रेक पॅड, हँड ब्रेक, वायपर, दिवे, बॅटरीची टोकं, स्टेपनीतली हवा. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी जुना, तडे गेलेला टायर हायवेला नको.

७. वाट आणि थांबे

गळणाऱ्या गाडीसाठी वाट निवडताना अंतरापेक्षा मदत कुठे मिळेल ते बघायचं. चोर्ला घाट जवळचा आणि सुंदर, पण केरी सोडल्यावर कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात जंगल जास्त, गॅरेज क्वचित आणि फोनची रेंज येऊन-जाऊन. पत्रादेवीहून बांदा, सावंतवाडी, आंबोली, आजरा ही वाट पेडणे-बार्देशवाल्यांना सोयीची, आणि घाटाच्या पायथ्याशीच सावंतवाडीसारखं गाव असल्याने चढायच्या आधी गाडी तपासता येते. पावसाळ्यात दोन्हीकडे दरडी आणि धुकं असतं, आदल्या दिवशी रस्ता सुरू असल्याची खात्री करा.

पहाटे सहाच्या सुमारास निघा. थंड हवेत घाट पार होतो आणि बेळगाव येईपर्यंत गॅरेजं उघडायच्या बेतात असतात. रविवारी निघू नका. टाकी गोव्यातच भरा, शेजारच्या दोन्ही राज्यांपेक्षा आपल्याकडे पेट्रोल स्वस्त पडतं.

पट्टी कुठे बघायची ते आधीच कागदावर लिहा. चोर्लामार्गे जात असाल तर पहिली बेळगावला, दुसरी कोल्हापूरला, तिसरी साताऱ्याला. घाटमाथ्यावर उतारात गाडी थांबवून बघितलेली पट्टी खोटं बोलते. सपाट जागी इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. चहाला तेवढा वेळ लागतोच. गाडीखाली वाकून बघायची सवयही प्रत्येक थांब्यावर ठेवा.

८. डिकीतलं सामान आणि कागद

त्याच ग्रेडचं दोन लिटर सीलबंद ऑइल, उभं राहील असं कोपऱ्यात बांधून. नरसाळं, जुने सुती फडके, हातमोजे, टॉर्च, पुठ्ठा. ड्रेन बोल्टचं एक जादा वायसर आणि एक ऑइल फिल्टर. दोन लिटर कुलंट किंवा स्वच्छ पाणी. एम-सील: चेंबरला दगड लागून भोक पडलं तर जागा पूर्ण पुसून, कोरडी करून लावलं की जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, त्यापुढे नाही. परावर्तक त्रिकोण, जॅक, पाना, जंपर केबल. आणि एक किलोचं कोरड्या पावडरचं अग्निशामक नळकांडं, डिकीत नव्हे, पुढच्या सीटखाली हाताला येईल असं.

कागदांत आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले चालतात, पण रेंज नसते तिथे उपयोग नाही, म्हणून प्रतीही ठेवा. जुन्या गाडीवाल्यांनी आरसीची मुदत आवर्जून बघावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून आरटीओत अर्ज करायचा आणि गाडी दाखवायची. भारत स्टेज ३ या प्रदूषणाच्या मानकाच्या किंवा त्याआधीच्या गाडीचं पीयूसी सहा महिन्यांनीच संपतं. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. विम्यात रस्त्यावरच्या मदतीचं कलम आहे का ते वाचा आणि तो नंबर कागदावर लिहा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ हे नंबर घरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

९. वाटेत काय झालं तर काय करायचं

डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीच्या चित्राचा लाल दिवा लागला, तर तो ऑइल कमी झाल्याचा निरोप नसतो. दाब गेल्याचा असतो. म्हणजे त्या क्षणी इंजिन कोरडं घासतंय. ‘पुढचं गाव तीन किलोमीटरवर आहे’ हा विचार करू नका. आधी गाडी कडेला घ्या, थांबली की लगेच इंजिन बंद करा. चालत्या गाडीत बंद करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात.

दहा मिनिटांनी पट्टी बघा. ऑइल खालच्या खुणेखाली असेल आणि गाडीखाली धार लागलेली नसेल, तर खुणांच्या मध्ये येईल इतकं घाला आणि इंजिन चालू करा. दिवा काही सेकंदांत गेला तर हळू चालवत जवळच्या गॅरेजला जा. पट्टीवर ऑइल बरोबर असूनही दिवा जात नसेल तर इंजिन पुन्हा चालू करू नका. गाडी टो करूनच न्यायची.

जळका वास आला तर थांबा आणि बघा. बोनेटच्या फटीतून दाट धूर किंवा ज्वाळा दिसल्या तर इंजिन बंद, सगळे बाहेर आणि गाडीपासून लांब. बोनेट उघडू नका, आत हवा मिळाली की आग भडकते. फटीतून नळकांड्याची पावडर मारा, आवरत नसेल तर मागे व्हा आणि ११२ ला फोन करा.

घाट उतरताना कमी गिअरमध्ये उतरा, ब्रेक तापत नाहीत. चढताना इंजिन ओरडवू नका, मागच्याला पुढे जाऊ द्या. हायवेला ऐंशीच्या आसपास ठेवा. शंभरच्या वर गेलात की फेरे वाढतात आणि गळतीही.

१०. पोचल्यावर आणि परत येताना

पुण्यात पोचलात की ज्यांच्याकडे उतरलात त्यांच्या पार्किंगच्या फरशीवर आधी पुठ्ठा टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर पट्टी बघा, वाटेत घातलेलं ऑइल त्यात धरा आणि शंभरचा हिशेब काढा. आकडा गोव्यातल्या मोजणीच्या दुपटीवर गेला असेल तर परतीच्या आधी तिथेच गॅरेज गाठा.

घरी आल्यावर ऑइल बदलायचं असेल तर काढलेलं काळं ऑइल डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या. तिथून ते पुनर्वापरासाठी उचललं जातं. आपल्याकडे ते वाळवीसाठी लाकडाला फासायची किंवा परसात ओतून द्यायची रीत आहे. परसातून ते पावसाबरोबर विहिरीत आणि शेतात उतरतं, म्हणून तेलकट फडके आणि पुठ्ठाही त्या डब्याबरोबरच द्या.